पाणी तेवढंच, ऊन वेगळं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते. आधी आकडेमोड करायची आणि मग सूत्राकडे वळायचं, ही त्यांची शिस्त होती असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजचं व्याख्यान त्याच शिस्तीत करायचा प्रयत्न करतो. विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे : ढग आणि ऊन.

आपल्याकडे ढग म्हटला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, पाऊस पडणार का? ते साहजिकच आहे, आपलं सगळं वर्ष त्या उत्तरावर चालतं. पण उपग्रहांच्या चित्रांत कुठल्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो आणि त्यातले बहुतेक ढग एक थेंबही न देता विरून जातात. पाऊस न देणारा ढगसुद्धा एक काम करतोच. सूर्याकडून आलेल्या उजेडातला किती वर परत पाठवायचा आणि किती खाली सोडायचा, हे तो ठरवतो. शेतातली पिकं, छतावरचे सौर पॅनेल आणि पृथ्वीचं तापमान या तिन्हींचाही या वाटपाशी थेट संबंध आहे.

हे वाटप कशावर ठरतं? ढगात पाणी जितकं जास्त तितकं ऊन कमी, असं आपण गृहीत धरतो. आज मला सांगायचंय ते असं की पाण्याचं वजन यात दुय्यम आहे. ते पाणी कसं मांडलंय, यावर मुख्य भिस्त आहे. थेंब केवढे आहेत, ढगांत फटी किती आहेत, ढग किती उंचीवर आहे, या प्रश्नांची उत्तरं बदलली की पाणी तेवढंच राहूनही ऊन वेगळं पडतं.

आता पहिला हिशेब. जमिनीचा एक चौरस मीटर तुकडा घ्या. त्याच्यावर ३०० मीटर जाडीचा साधा ढग आहे असं धरा. त्या तुकड्याच्या बरोबर वर, ढगाच्या उभ्या स्तंभात, साधारण १०० ग्रॅम पाणी असतं. चहाचा एक कप, तोही काठोकाठ नाही. हे सगळं पाणी खाली ओतलं तर जमिनीवर एक दशांश मिलिमीटरचा थर होईल. पर्जन्यमापकात त्याची नोंदसुद्धा जेमतेम लागेल. एवढ्याशा पाण्यानं सूर्य दिसेनासा होतो.

ढगातल्या थेंबाची त्रिज्या १० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. १०० ग्रॅम पाण्याचे असे थेंब केले तर ते जवळपास २४०० कोटी भरतात. प्रत्येक थेंब आपल्या गोल छेदाएवढा प्रकाश अडवतो. सगळ्या छेदांची बेरीज येते साडेसात चौरस मीटर. खाली जमीन एक चौरस मीटर, वर आडोसा साडेसात चौरस मीटरचा! शिवाय थेंबाच्या कडेला लागून जाणारा प्रकाशही विवर्तनामुळे वळतो, त्यामुळे थेंब आपल्या छेदाच्या दुप्पट प्रकाश वाटेवरून हलवतो. साडेसातचे झाले पंधरा. ही त्या ढगाची प्रकाशीय जाडी. ती पंधरा असली की वरून निघालेल्या एक कोटी फोटॉनांपैकी, म्हणजे प्रकाशकणांपैकी, जेमतेम तीन वाटेत कुठेही न अडता सरळ खाली पोचतात. सूर्याची चकती दिसणं शक्यच नाही.

आता तेच १०० ग्रॅम पाणी एक मिलिमीटर त्रिज्येच्या पावसाच्या थेंबांत वाटा. २४०० कोटींच्या जागी उरतात फक्त २४ हजार थेंब. प्रकाशीय जाडी पंधरावरून ०.१५वर येते आणि सुमारे ८६ टक्के किरण सरळ खाली उतरतात. भर पावसात समोरचा डोंगर पुसट का होईना दिसत राहतो आणि खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचा दिवासुद्धा हरवतो, त्याचं कारण हेच. धुक्यातलं पाणी जोराच्या पावसातल्या पाण्यापेक्षा कमीच असतं, पण ते फार बारीक वाटलेलं असतं. खडीसाखरेचा खडा उजेडाकडे धरला तर त्यातून पलीकडचं दिसतं. तोच कुटून पिठी केली की पांढरीशुभ्र होते आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. साखर तीच, प्रकाशाला ओलांडाव्या लागणाऱ्या कडा मात्र अगणित झाल्या.

मग आभाळ भरून आलं तरी दिवसा उजेड असतो, तो कुठून येतो? पाणी दृश्य प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. थेंब तो वळवतो आणि पुढे सोडतो. एवढ्याशा गोलावरून प्रकाश कसा विखुरतो याचं पूर्ण गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडलं. त्या गणितानुसार ढगातल्या थेंबावर आदळलेला बहुतेक प्रकाश थोडासाच वळून पुढेच जातो. आपल्या ढगात एका टकरीपासून दुसरीपर्यंतचं सरासरी अंतर वीसेक मीटर पडतं आणि सहा-सात टकरा झाल्यावर फोटॉनला आपण मूळचे कुठल्या दिशेनं आलो याचा पत्ता उरत नाही. त्यानंतर तो भरकटत राहतो आणि कधीतरी ढगाच्या वरच्या किंवा खालच्या अंगानं बाहेर पडतो. आपल्या ढगातून ढोबळमानानं तिसरा हिस्सा ते निम्मा उजेड असा भटकून खाली येतो. त्याला निश्चित दिशा नसते, म्हणून मळभ असताना सावल्या पडत नाहीत. ढगाचं काळं पोट पाहून आत पाणी ठासून भरलंय किंवा त्यानं उजेड गिळलाय असं वाटतं. खरं तर तो उजेड वरच्या बाजूनं निघून गेलेला असतो. त्याच ढगाकडे विमानातून पाहिलं तर डोळे दिपतात.

थेंबांचा आकार एवढा महत्त्वाचा, तर तो ठरवतं कोण? थेंब नुसत्या वाफेतून बनत नाही. त्याला धरायला धूळ, मीठ, धूर यांचा एखादा सूक्ष्म कण लागतो. स्वच्छ समुद्रावरच्या हवेत असे कण कमी असतात, त्यामुळे तिथे थेंब थोडे आणि मोठे होतात. धुरकट हवेत तेवढीच वाफ अनेक कणांत वाटली जाते, थेंब पुष्कळ आणि लहान होतात. ढगांचे अभ्यासक शॉन ट्वूमी यांनी १९७४ साली आणि पुन्हा १९७७ साली याचा अर्थ स्पष्ट केला : पाणी तेवढंच ठेवून थेंबांची संख्या दुप्पट केली तर प्रकाशीय जाडी सुमारे २६ टक्क्यांनी वाढते आणि ढग जास्त ऊन परतवतो. याचा पुरावा आकाशात आधीच दिसला होता. १९६०च्या दशकातल्या टायरॉस उपग्रहांच्या चित्रांत समुद्रावरच्या ढगांत लांबलचक उजळ रेघा आढळल्या. त्या जहाजांच्या मार्गावर होत्या. धुराड्यातून निघालेल्या गंधकयुक्त धुरानं त्या पट्ट्यातले थेंब बारीक केले होते.

थेंबाचा आकार नुसत्या डोळ्यांनीही जोखता येतो आणि त्यासाठी आपल्या सह्याद्रीइतकी चांगली जागा क्वचित मिळेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहावं, पाठीशी सूर्य असावा आणि समोर दरीत ढग दाटलेला असावा. मग स्वतःच्या सावलीभोवती रंगीत कडी दिसतात. आपले गिर्यारोहक त्याला इंद्रवज्र म्हणतात. दख्खनच्या हवामानाच्या नोंदी ठेवणारे कर्नल साइक्स यांनी या वर्तुळांचं वर्णन रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली छापलेल्या निबंधात केलं आहे. या कड्यांच्या व्यासात एक मोजमाप दडलेलं आहे. थेंब लहान असतील तर कडं मोठं दिसतं, थेंब मोठे असतील तर कडं आवळतं, आणि थेंब सारख्या आकाराचे नसतील तर रंग एकमेकांत मिसळून फिके पडतात. कड्यावर उभा असलेला माणूस कुठल्याही उपकरणाशिवाय समोरच्या ढगाची रचना वाचू शकतो.

आता दुसरा प्रश्न, फटींचा. इथे सरासरी आपल्याला फसवते. प्रकाशीय जाडी पंधरा असलेला सलग ढग, प्रकाश फक्त वर आणि खाली जातो असं धरणाऱ्या सोप्या दोन-प्रवाही सूत्रानं हिशेब केला तर, सुमारे ५३ टक्के ऊन परतवतो. आता तेवढंच पाणी अर्ध्या आकाशात गोळा करा आणि उरलेलं अर्धं मोकळं ठेवा. ढगाळ भागाची जाडी झाली तीस. जाडी दुप्पट झाली म्हणून परावर्तन दुप्पट होत नाही, ते ५३वरून ६९ टक्क्यांवर जातं. मोकळ्या अर्ध्या आकाशातून ढगाचं परावर्तन शून्य. दोन्हींची सरासरी ३५ टक्के. पाणी तेच, सरासरी जाडी तीच, पण फुटलेला ढग येणाऱ्या उन्हातला आणखी १८ टक्के हिस्सा खाली सोडतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्री ढगांच्या १९८७मधल्या मोजमापांवरून रॉबर्ट कॅहलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली हेच दाखवून दिलं. वरून सलग दिसणारे ते ढगसुद्धा आतून असमान होते. त्यांना एकसारखं मानणारं गणित त्यांचं परावर्तन वाढवून सांगत होतं.

फुटक्या ढगांना बाजूही असतात आणि प्रकाश बाजूनंही आत शिरतो, बाजूनंही गळतो. श्रावणातल्या दुपारी याचा अनुभव येतो. स्वच्छ दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पोचतं. वातावरणाच्या बाहेर ते १३६१ वॅट असतं. ढगांच्या फटीतून सूर्य थेट तळपत असेल आणि भोवतालच्या ढगांच्या उजळ कडांवरून वळलेला उजेडही त्याच जागी पडत असेल, तर काही क्षण जमिनीवरचं ऊन निरभ्र दिवसापेक्षा जास्त होतं. काही ठिकाणी ते या १३६१ वॅटच्याही वर गेल्याच्या नोंदी आहेत. ढगाळ दिवशी निरभ्र दिवसापेक्षा कडक ऊन! ते टिकत मात्र नाही. अर्धा किलोमीटर रुंदीचा ढग सेकंदाला दहा मीटर वेगानं सरकला तर त्याची सावली पन्नास सेकंदांत निघून जाते. सौरपंपावर शेत भिजवणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पाइपातली धार बारीक झाली की सावली आली, हे तो पाहतो. त्याच चढउतारांमुळे मोठे सौर प्रकल्प चालवणाऱ्यांच्या आणि वीजजाळं सांभाळणाऱ्यांच्या डोक्याला ताप होतो.

या बाजूच्या गळतीनं एकदा शास्त्रज्ञांमध्येच मोठा वाद लावून दिला. १९९५ साली रॉबर्ट सेस आणि वीरभद्रन रामनाथन यांच्या गटांनी ‘सायन्स’मध्ये मांडलं की ढग गणितात बसतं त्यापेक्षा बरंच जास्त ऊन शोषतात, जागतिक सरासरीत दर चौरस मीटरला सुमारे २५ वॅट जास्त. हे खरं असेल तर पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार होती. मग अमेरिकेत ओक्लाहोमावर ढगांच्या खालून आणि वरून मोजमापं घेतली गेली. हिशेबाची पद्धत सोपी होती : वर मोजलेलं वजा खाली मोजलेलं, उरेल ते शोषण. पण ढग फुटका असेल तर वजाबाकीत उरलेला उजेड शोषलेला असेलच असं नाही, तो बाजूनंही निसटलेला असू शकतो. उपकरणांच्या आणि नमुन्यांच्या अडचणीही होत्या. सलग ढग निवडून २००० साली पुन्हा मोजणी झाली, तेव्हा गणित आणि मोजमाप बरंच जवळ आलं.

झाडांसाठी मात्र हा भरकटलेला उजेड अगदीच वाया जात नाही. कडक उन्हात वरची पानं घेऊ शकतात त्यापेक्षा जास्त प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि खालची पानं त्यांच्या सावलीत उपाशी राहतात. विखुरलेला उजेड सगळ्या बाजूंनी आत शिरतो, खालच्या पानांपर्यंत पोचतो. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर हवेतल्या सूक्ष्म कणांनी असाच उजेड वाढवला होता. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड अरण्यात निरभ्र दुपारी प्रकाशसंश्लेषण वाढल्याचं आढळलं. पातळ किंवा फुटक्या ढगांखाली पिकांना हा फायदा होऊ शकतो. आठवडा-आठवडा दाट मळभ राहिलं तर एकूण उजेडच एवढा घटतो की फायदा तोट्यात जातो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ‘ढगाळ हवामान’ हे दोन शब्द पुरेसे नाहीत.

तिसरा प्रश्न उंचीचा. ढग येणारं ऊन परतवतो, तसाच जमिनीकडून वर निघालेल्या उष्णतेलाही अडवतो. उंचावरचे तंतूंसारखे सिरस ढग हिमकणांचे असतात आणि पातळ असतात. ऊन त्यांच्यातून बरंचसं खाली येतं, खालची उष्णता मात्र ते रोखतात आणि स्वतः थंड असल्यानं अवकाशात थोडीच सोडतात. त्यांच्यामुळे पृथ्वी तापते. त्यांच्या षट्कोनी हिमकणांतून प्रकाश २२ अंशांत वळतो, म्हणून चंद्राला किंवा सूर्याला खळं पडतं. खालचे जाड समुद्री ढग उलट वागतात. ते ऊन भरपूर परतवतात आणि त्यांचा माथा खालच्या समुद्रापेक्षा फारसा थंड नसल्यानं उष्णता अडवण्यात त्यांचा हात जवळपास नसतो. ते पृथ्वीला निववतात.

या जमाखर्चाचा पहिला जागतिक ताळेबंद ‘अर्थ रेडिएशन बजेट एक्स्पेरिमेंट’च्या उपग्रहांनी मांडला. एप्रिल १९८५च्या मोजणीत ढगांनी परतवलेल्या उन्हामुळे दर चौरस मीटरला सरासरी ४४.५ वॅटची घट दिसली आणि अडवलेल्या उष्णतेची ३१.३ वॅट भर. बाकी उरली १३.२ वॅटची, निववण्याच्या बाजूला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पडणारा भार चार वॅटच्या आसपास आहे. म्हणजे ढगांच्या खात्यातला थोडासा फेरफारही हवामानबदलाच्या तोडीचा ठरतो. उष्ण कटिबंधातल्या उंच ढगांत जमा आणि खर्च जवळजवळ बरोबरीत सुटतात. आपल्या मान्सूनच्या प्रदेशात तसं होत नाही. एम. राजीवन आणि जे. श्रीनिवासन यांनी २००० साली दाखवलं की इथल्या पावसाळी ढगांचा एकूण कल ठळकपणे निववण्याकडे आहे.

ऊन मोजण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. केरळात पीरमेडला जन्मलेल्या अण्णा मणी सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम करून १९४८ साली हवामान खात्यात पुण्याला रुजू झाल्या. हवामानाची उपकरणं देशातच बनावीत हा त्यांचा ध्यास होता. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी केली. सौरऊर्जेचा आज एवढा बोलबाला आहे, पण तिची आपल्याकडची आकडेवारी सुरू होते ती या कामापासून.

त्या काळच्या वेधशाळांतलं एक उपकरण वीज, तार, काही न लागता चालतं. कॅम्पबेल-स्टोक्स यंत्र. काचेचा भरीव गोळा, मागे वाकवून बसवलेली पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर तासांच्या खुणा. गोळा उन्हाला एका बिंदूत आणतो, सूर्य सरकतो तशी पट्टीवर जळकी रेघ उमटत जाते. संध्याकाळी पट्टी काढायची आणि रेघेची लांबी मोजायची. निरभ्र दिवशी रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग असते. श्रावणात ती तुटक येते, इथे बोटभर भाजलेलं, तिथे कोरं, मध्येच नुसता तपकिरी ठिपका. मळभाच्या दिवशी पट्टी जशीच्या तशी कोरी निघते. पण उजेड तर दिवसभर होता! तो विखुरलेला उजेड या यंत्राला दिसत नाही. म्हणून उजेड मोजणारे पायरॅनोमीटर दोन ठेवतात : एक उघडा, तो सगळा उजेड मोजतो, दुसऱ्यावर सूर्याच्या वाटेत सावलीची पट्टी धरलेली असते, तो फक्त आकाशातून येणारा उजेड मोजतो. दोन आकड्यांच्या वजाबाकीत थेट ऊन मिळतं आणि दोहोंच्या चढउतारांत ढगांची रचना. ढगाच्या आत डोकावायची सोय पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१२ साली महाबळेश्वरला केली. तिथे पावसाळ्यात ढग जमिनीवरच उतरतात. विमानानं ढगांत शिरून थेंब मोजायला याच संस्थेनं २००९ साली सुरुवात केली.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण आहे. हवामानाची जागतिक प्रारूपं पृथ्वीची शंभरेक किलोमीटरच्या चौकटींत वाटणी करतात. एकेका चौकटीत हजारो ढग आणि त्यांच्या फटी बसतात, आणि त्या सगळ्यांच्या जागी प्रारूपाला मोजकेच आकडे धरावे लागतात. मघाचा ५३ आणि ३५चा फरक आठवा. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा, म्हणजे आयपीसीसीचा, २०२१चा अहवाल सांगतो की तापमानवाढीसोबत ढगांत होणारे बदल एकूण तापमान वाढवण्याच्याच बाजूचे आहेत, पण किती, हा अंदाजातला मोठा अनिश्चित भाग आहे. दरम्यान आपण ढगांची रचना नकळत बदलतोही आहोत. १ जानेवारी २०२०पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. हवा स्वच्छ झाली हे चांगलंच झालं, पण समुद्रावरच्या त्या उजळ रेघाही घटल्या. २०२३ साली पृथ्वीनं परतवलेल्या उन्हाचा हिस्सा नीचांकी होता आणि त्यामागे प्रामुख्यानं खालच्या ढगांची घट होती, असं जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४मध्ये मांडलं. त्यात स्वच्छ इंधनाचा वाटा किती आणि तापमानवाढीचा किती, यावर वाद चालू आहे. ढग मुद्दाम उजळवून पृथ्वी थंड करावी असे प्रस्तावही येताहेत. थेंबांची रचना बदलल्यावर पाऊस कुठे कमी-जास्त होईल याचा हिशेब पक्का नसताना तो मार्ग धरणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्या हातात काय आहे? आकाश किती झाकलंय याची नोंद वेधशाळा आठ भागांत करतात. चार भाग झाकले म्हटल्यावर ते चार भाग पातळ सिरसचे की ढिगांसारख्या जाड क्युम्युलस ढगांचे, हे वेगळं विचारावं लागतं. उन्हाच्या दृष्टीनं दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज राज्यातल्या किती तरी शाळांच्या, सोसायट्यांच्या आणि गोठ्यांच्या छपरांवर सौर पॅनेल आहेत. त्यांचे इन्व्हर्टर दर काही मिनिटांनी वीज किती झाली ते नोंदवतात. आपण त्यातला फक्त महिन्याचा आकडा पाहतो, तोही बिलासाठी. त्या नोंदींतल्या चढउतारांत आपल्या गावावरच्या ढगांचा रोजचा इतिहास आहे. विज्ञानाच्या तासाला शिक्षकांनी तो आलेख फळ्यावर काढावा, जवळच्या दहा छपरांचे आलेख शेजारी ठेवावेत आणि सावली कुठून कुठे गेली ते मुलांना शोधायला लावावं. शासनानं अनुदान दिलेल्या प्रत्येक पॅनेलच्या या नोंदी, मालकाचं नाव काढून, सर्वांना खुल्या कराव्यात. वीज कंपन्यांना त्यातून पुढच्या तासाचा अंदाज बांधता येईल, कृषी विद्यापीठांना पिकांवर पडलेल्या उजेडाचा तपशील मिळेल आणि प्रारूपं करणाऱ्यांना मोठ्या चौकटीच्या आत काय घडतं ते तपासता येईल. यासाठी नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही. मोजणी होतेच आहे, ती कुणीतरी वाचायला घ्यायला हवी.